बेनिदोर्मच्या बाजूने

गेल्या सप्टेंबरात आम्ही चार दिवस बेनिदोर्मला जाऊन आलो. पुण्यातल्या मैत्रिणींना गावाचं नावच नवीन होतं. पण लेक इंग्लंडमध्ये रेडिंगला असते, तिच्या तिथल्या मराठी मित्रमंडळींनी मात्र सरळ नाकं मुरडली. "काकू, स्पेनला गेलात आणि बेनिदोर्म? सेविया करायचं होतं, ग्रनादा करायचं होतं." ब्रिटनमध्ये या नावाला एक वास आहे. स्वस्त पॅकेज, सकाळी अकराला उघडणारी बिअर, उन्हाने लालभडक झालेल्या पाठी, लग्नाआधीच्या दंगामस्तीला आलेली पोरांची टोळकी, आणि समुद्रालगत उभं केलेलं सिमेंटचं जंगल. यातलं खोटं काहीच नाही, सगळं तिथे आहे. तरीही या गावाची बाजू घेऊन लिहावंसं वाटलं, कारण एवढ्या पर्यटकांना सामावायचं कुठे आणि कसं, या ज्या प्रश्नाने आज सगळा स्पेन रस्त्यावर उतरला आहे आणि जो प्रश्न आपल्या कोकणाच्या दारात येऊन ठेपला आहे, त्याचं जरा तरी जबाबदार उत्तर मला याच हिणवलेल्या गावात दिसलं.

आधी गाव कसं आहे ते सांगते. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, आलिकांते शहराच्या वर. मधे खडकाचा एक सुळका समुद्रात शिरलेला, त्यावर जुनं गाव आणि निळ्या घुमटाचं चर्च. सुळक्याच्या एका अंगाला लेवांतेचा किनारा, सुमारे दोन किलोमीटर. दुसऱ्या अंगाला पोनिएंतेचा, साधारण तीन. पाठीशी चौदाशे मीटरचा पुइग काम्पाना डोंगर. आणि या सगळ्यामध्ये इमारती, एकीपेक्षा एक उंच. ग्रान ओतेल बाली नावाचं हॉटेलच 186 मीटर आहे. लोकवस्ती सत्तर हजारांच्या आसपास, आणि उन्हाळ्यात ती काही पटींनी फुगते.

पहिल्या दिवशी पहाटे मला जाग आली म्हणून मी एकटीच लेवांतेवर गेले. रात्रभर ट्रॅक्टर फिरवून वाळू विंचरल्यासारखी केलेली होती. सात वाजायच्या आत छत्री रोवून जागा अडवायला इथे बंदी आहे, त्यामुळे दहा-बारा म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्या काखेत मारून कठड्याशी थांबली होती, आपल्याकडे पहाटे दुधाच्या केंद्रावर थांबतात तशी. सात वाजले आणि सगळी शांतपणे वाळूत उतरली. थोड्या वेळाने लाकडी पाट्यांच्या वाटेवरून दोन तरुण एका आजोबांना मोठमोठ्या फुगीर चाकांच्या खुर्चीतून घेऊन आले. खुर्ची तशीच पाण्यात नेली. आजोबा छातीपर्यंत पाण्यात तरंगत होते आणि दोघं दोन बाजूंनी धरून उभे होते. ही महापालिकेची सोय, किनाऱ्यावर ठरलेल्या जागी मिळते. माझ्या सासूबाई शेवटची सहा वर्षं व्हीलचेअरवर होत्या. मालवणला नेलं की त्यांना गाडीतूनच समुद्र दाखवायचो. तिथे वाळूत उभं राहून मला त्यांची फार आठवण झाली.

हे गाव शंभर वर्षांपूर्वी कोळ्यांचं होतं. ट्यूना माशांच्या मोसमात समुद्रात जाळ्यांचा भुलभुलैया मांडून मासे कोंडायचे, या पद्धतीला तिकडे 'अल्माद्राबा' म्हणतात. आपल्याकडे रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीला, तांडेल असतो तसा त्यांच्याकडे या जाळ्यांचा म्होरक्या 'अर्रायस', आणि बेनिदोर्मच्या म्होरक्यांना भूमध्य समुद्रभर मागणी असे. मासे आटले आणि 1952 साली गावची अल्माद्राबा बंद पडली. नेमक्या त्याच काळात पेद्रो सारागोसा नावाचा तरुण नगराध्यक्ष होता. किनाऱ्यावर परदेशी बायकांनी बिकिनी घालायला त्याने परवानगी दिली, पाद्री खवळले, बहिष्काराची भाषा सुरू झाली. तेव्हा हा गडी स्कूटरवर बसून थेट माद्रिदला हुकूमशहा फ्रांकोला भेटायला गेला आणि पाठिंबा घेऊन आला, अशी गोष्ट तो स्वतः सांगत असे. लोकांना ही गोष्ट आवडते आणि ते तिच्यापाशीच थांबतात. मला त्याच्या दुसऱ्या कामाचं अप्रूप जास्त वाटतं. 1956 साली त्याने पुऱ्या गावाचा विकास आराखडा मंजूर करून घेतला. एकही मोठी इमारत उभी राहण्याआधी रुंद रस्ते, किनाऱ्याकडेचा फिरण्याचा पट्टा, इमारतींमधली मोकळी जागा हे सगळं कागदावर आलं. 1963 मध्ये उंचीवरचं बंधन काढलं. म्हणजे बांधा, हवं तेवढं उंच बांधा, पण जमीन थोडीच व्यापा आणि भोवती मोकळं सोडा.

याचा परिणाम पायांना कळतो. चार दिवसांत आम्ही एकदाही टॅक्सी केली नाही. हॉटेलातून समुद्र, समुद्रावरून जुनं गाव, तिथून भाजी-फळांचं दुकान, सगळं चालत. आणि गावाच्या वेशीवर पोहोचलं की गाव संपतं. पूर्वेला सिएर्रा एलादाचा डोंगर सुरू होतो, त्याच्या कड्यांवर घर नाही. लाखो माणसं एका मुठीत मावलेली आहेत आणि मुठीबाहेरचा डोंगर डोंगरच राहिला आहे.

पाण्याची गोष्ट तर मुळातून सांगायला हवी. दुष्काळी म्हणून आपण ज्या मराठवाड्याकडे बघतो त्याहूनही कमी पाऊस या भागात पडतो. 1978 मध्ये बेनिदोर्मचं पाणी संपलं आणि जहाजातून पाणी आणावं लागलं. पर्यटनावर जगणाऱ्या गावाला हा जिवावरचा घाला होता. तोवर आसपासच्या गावांनी मिळून एक पाणीसंस्था नुकतीच उभी केली होती. तिने शेतकऱ्यांशी व्यवहार केला: धरणाचं, विहिरींचं स्वच्छ पाणी तुम्ही गावांना द्या, गावांचं सांडपाणी शुद्ध करून आम्ही तुमच्या बागांना देतो, आणि वर मोबदलाही देतो. हॉटेलात कुणी आंघोळ केली की ते पाणी शुद्ध होऊन बागेत जातं. हा व्यवहार आजही चालू आहे. तो शक्य झाला कारण सगळी माणसं एका जागी होती. चाळीस मजली इमारतीखाली एक नळ जोडावा लागतो आणि एक सांडपाण्याची वाहिनी. हीच माणसं चाळीस बंगल्यांत पसरली असती तर प्रत्येकाला आपापली हिरवळ, आपापला पोहण्याचा तलाव, आणि चाळीस ठिकाणी गळणारे नळ. त्याच भागातल्या टेकड्यांवर पसरलेल्या बंगल्यांच्या वसाहती डोळ्यांना देखण्या दिसतात. माणशी पाणी मात्र त्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याच्या कितीतरी पट पितात.

या मुद्द्यावर माझं ठाम मत झालं आहे. समुद्रकिनाऱ्याला गर्दीने जेवढी इजा होते त्याहून जास्त पसरण्याने होते.

पसरण्याचं उदाहरण बेनिदोर्मच्या दक्षिणेला, मुर्सियाच्या किनाऱ्यावर आहे. मार मेनोर नावाचं खाऱ्या पाण्याचं विस्तीर्ण सरोवर, 135 चौरस किलोमीटरचं. त्याच्या आणि समुद्राच्या मधे वीसेक किलोमीटर लांब वाळूची चिंचोळी पट्टी, ला मांगा. तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत इमारती आणि बंगले चढवले. वर्षातले दहा महिने यातली बहुतेक घरं बंद असतात. सरोवराची खरी वाट लावली ती पलीकडच्या शेतीतून वाहून येणाऱ्या नायट्रेटने, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण भोवतीच्या बेसुमार बांधकामाने त्याला हातभारच लावला. 2019 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये हजारो मासे तडफडत काठाशी आले, कारण पाण्यात प्राणवायू उरला नव्हता. लोक इतके हादरले की सहा लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या आणि 2022 मध्ये संसदेने कायदा करून या सरोवराला माणसासारखं कायदेशीर व्यक्तित्व दिलं. त्याच्या वतीने आता कोणीही कोर्टात जाऊ शकतं.

आणखी खाली, अल्मेरियाजवळच्या काबो दे गाता या संरक्षित निसर्गक्षेत्रात, 411 खोल्यांचं एक हॉटेल किनाऱ्याच्या टेकडीला चिकटून बांधलं. काम 2006 मध्ये कोर्टाने थांबवलं. तेव्हापासून खटले चालूच राहिले आणि तो पांढरा सांगाडाही तसाच उभा राहिला. एकदा उभं राहिलेलं पाडणं किती अवघड असतं याचा नमुना म्हणून तो बघावा.

आता घरांचा प्रश्न. 2024 मध्ये स्पेनमध्ये सुमारे 9 कोटी 40 लाख परदेशी पर्यटक आले. देशाची लोकसंख्या 5 कोटीही नाही. त्या वर्षी 20 एप्रिलला कनारी बेटांवर हजारोंनी मोर्चे काढले, मग पाल्मा, मालागा, आणि जुलैत बार्सिलोना. बार्सिलोनात काही निदर्शकांनी हॉटेलाबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. जगभर तेवढंच दृश्य दाखवलं गेलं. मोर्चातल्या माणसांची मागणी साधी होती: आम्हाला आमच्या गावात भाड्याने घर मिळू द्या. इबिसासारख्या बेटावर हॉटेलात खोल्या आवरणारी, जेवण वाढणारी माणसं व्हॅनमध्ये आणि तंबूत राहतात, कारण घरं पर्यटकांना आठवड्याच्या दराने गेली आहेत.

यात माझाही वाटा आहे. 2018 मध्ये आम्ही बार्सिलोनाला गेलो तेव्हा "हॉटेल नको, तिथल्या लोकांसारखं राहू" असं म्हणून ग्रासिया भागात एक फ्लॅट घेतला होता. जुनी इमारत, अरुंद जिना, लिफ्ट नाही. रात्री अकराला आमच्या बॅगांची चाकं प्रत्येक पायरीवर ठक् ठक् वाजत होती. दुसऱ्या मजल्यावर एका आजींनी दार किलकिलं केलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि पुन्हा लावलं. सकाळी त्या जिन्याखाली भेटल्या, चाकांच्या पिशवीत भाजी घेऊन. भाषा येत नव्हती. त्यांनी हात धरून मला टपालपेट्यांपाशी नेलं. दहा पेट्या. चारांवर नावं होती. बाकीच्या सहांवर नावाच्या जागी नुसती चिकटपट्टी. त्यांनी एकेका चिकटपट्टीवर बोट ठेवून एकेक नाव म्हटलं. सहा नावं. मग बाहेरच्या लोखंडी जाळीला टांगलेल्या किल्ल्यांच्या छोट्या पेट्या दाखवल्या आणि जिना चढून गेल्या.

त्या दिवसापासून मला 'अस्सल अनुभव' या शब्दाची धास्ती वाटते. चोखंदळ म्हणवणारा प्रवासी हॉटेल टाळतो, जुन्या गल्लीत घुसतो, शेजाऱ्यांसारखं राहायला बघतो, आणि त्याच्या जागेसाठी खरा शेजारी उठवला जातो. बेनिदोर्मला येणारा ब्रिटिश प्लंबर हॉटेलच्या खोलीत राहतो. ती खोली त्याच्यासाठीच बांधली आहे. तिच्यासाठी कुणा आजींचं नाव पेटीवरून खरवडावं लागलेलं नाही. अभिरुची त्याच्याकडे कमी असेल, पण नुकसान आम्ही जास्त केलं होतं.

स्पेन आता उपाय करू लागला आहे. पाल्माने 2018 मध्येच इमारतींमधले फ्लॅट पर्यटकांना देण्यावर बंदी घातली. बार्सिलोनाच्या महापौरांनी 2024 मध्ये जाहीर केलं की शहरातल्या 10,101 पर्यटक-फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर 2028 नंतर चालू ठेवले जाणार नाहीत. एप्रिल 2025 पासून देशभर असा नियम आहे की इमारतीत नवा पर्यटक-फ्लॅट सुरू करायचा तर तीन पंचमांश मालकांची संमती हवी. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बसलेल्या कुणालाही या नियमाची ताकद कळेल.

बेनिदोर्मबद्दलचे आक्षेप मला मान्य आहेत, आणि ते हलकेही नाहीत. तिथला आराखडा हुकूमशाहीत झाला, कोळ्यांना कोणी मत विचारलं नव्हतं. तिथेही आता पर्यटक-फ्लॅट वाढले आहेत आणि वेटरला गावात घर परवडत नाही. ज्या विमानांनी हे गाव पोसलं ती धूर ओकतात, आणि आम्हीही त्याच विमानाने गेलो. रात्री ब्रिटिश बारच्या गल्लीत जे चालतं ते बघवत नाही. आमच्या समोर एक पोरगा फुटपाथवर ओकत होता आणि साफसफाई करणारी बाई, बहुधा लॅटिन अमेरिकेतली, पाण्याची नळी घेऊन त्याच्या उठण्याची वाट बघत उभी होती. तिचा चेहरा मी विसरलेले नाही. पण या आक्षेपांमुळे मूळ मुद्दा खोडला जात नाही. तेवढेच लोक दोनशे किलोमीटर किनाऱ्यावर पसरले असते, तर त्या बाईला घरही मिळालं नसतं आणि डोंगरही उरला नसता.

एक गोष्ट अजून, जी फारशी कुणी सांगत नाही. स्पेन सरकारने 1985 मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी सवलतीच्या सहलींची योजना सुरू केली. हिवाळ्यात हॉटेलं ओस पडतात, तेव्हा देशभरातल्या पेन्शनरांना थोड्या पैशांत किनाऱ्यावर पाठवायचं. म्हाताऱ्यांना समुद्र मिळतो आणि हॉटेलातल्या कामगारांची नोकरी बारा महिने टिकते. बेनिदोर्मला जानेवारीतही दुपारी किनाऱ्यालगत आजी-आजोबा जोडीने नाचतात ते या योजनेमुळे. सुट्टी हा गरिबाच्याही हक्काचा भाग आहे, असं मानणारं हे गाव आहे. त्याला हिणवताना आपण कुणाला हिणवतो आहोत, हे एकदा तपासावं.

माझं माहेर मालवण तालुक्यात. सिंधुदुर्ग हा 1997 पासून अधिकृत पर्यटन जिल्हा आहे. 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, पलीकडे गोव्यात मोपाचा आला. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवरची ना-विकास पट्टी 200 मीटरांवरून 50 मीटरांवर आणली. आता आमच्या वाडीच्या दोन्ही बाजूंना 'सी-व्ह्यू बंगलो प्लॉट'च्या पाट्या आहेत. तारकर्लीला वाळूत चाळीस मजले उभे करा असं मी म्हणत नाही. कोकणाच्या किनाऱ्याला ते सोसणार नाही. पण कुठे बांधायचं हे आधी ठरवा, पाणी आणि सांडपाणी आधी, खोल्या नंतर, आणि ठरलेल्या जागेबाहेर वीटही नको, एवढी शिस्त इथे का शक्य नाही? मालवण, वेंगुर्ला, देवगड ही शहरं आहेतच. किनाऱ्यापासून मागे, त्यांच्या आत हॉटेलं वाढू देत. गावात निवास-न्याहारी चालवणारं कुटुंब स्वतः तिथे राहतं, त्याच विहिरीचं पाणी पितं, त्यामुळे त्याला विहिरीची काळजी असते. त्याला मदत करावी. मुंबईहून प्लॉट घेऊन वर्षातले तीन आठवडे उघडणाऱ्या बंगल्याशी त्याची गल्लत करू नये.

आमच्या शेजारची जमीन चार वर्षांपूर्वी गेली. जांभ्याचा जुना कमरेएवढा गडगा होता, तो पाडून पुरुषभर उंच भिंत आली, वर कॅमेरा. समुद्राकडे जाणारी पाणंद त्या भिंतीच्या फाटकाशी संपते. स्पेनच्या 1988 च्या किनारा कायद्याने वाळू सगळ्यांची आहे. आपल्याकडेही समुद्र कुणाच्या सातबाऱ्यावर नाही, पण तिथवर जायची वाटच अडली तर काय करायचं? रापणीचे लोक आता जाळं डोक्यावर घेऊन देवळाकडून वळसा घालतात. आत पोहण्याचा तलाव आहे. जांभ्यात पाणी मुरतं तसंच झिरपतंही. त्यांच्या शोषखड्ड्यापासून भावाची विहीर पन्नास पावलांवर. तीन हजार मिलीमीटर पावसाच्या मुलखात मे महिन्यात टँकर येतो.

गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला. एजंट येऊन बसला होता, गुंठ्याला जो भाव सांगितला तो ऐकून मी दोनदा विचारलं. भावाने दोर सोडून विहिरीत पाणी मोजलं होतं, तेही सांगितलं: एप्रिलच्या मध्यालाच दोन हात. म्हणाला, "ताई, पाणीच नसेल तर जमीन ठेवून काय करू?" सातबाऱ्यावर पाच नावं आहेत, त्यातलं एक माझं. मी सही करणार नाही हे मी त्याला सांगितलं आहे. एकट्याच्या जिवावर तो ती विहीर कशी राखणार, हे मात्र मला त्याला अजून सांगता आलेलं नाही.